बसलेल्यांना नमस्कार

फोन आला तेव्हा मी ओशोग्बोच्या गाडीला शेवटची दोन माणसं शोधत होतो. मंगळवार, सकाळचे साडेदहा. विद्यापीठातून डॉक्टर फादायरो बोलत होते, माझ्या बहिणीच्या हाताखाली शिकवणारे.

"अदिगुनसाहेब, तुम्ही बसलेले आहात का?"

म्हटलं, "डॉक्टर, मी इकिरूनच्या मोटारस्टँडवर गिऱ्हाईकं बोलावतो. हे काम बसून होत नाही."

मग त्यांनी सांगितलं. प्रोफेसर इबिरोंके, माझी थोरली बहीण, ऑफिसात खुर्चीवरच गेली. समोर मुलांचे पेपर होते. अर्धे तपासून झाले होते. वय एकसष्ट.

मी बरं म्हटलं. फोन खिशात ठेवला. आणि "ओशोग्बो, ओशोग्बो, दोनच सीट" असं ओरडायला लागलो. एक जाडी बाई आली, तिला म्हटलं, "या मावशी, तुम्ही एकट्याच आलात तरी गाडी भरली." बाई हसली, ड्रायव्हर हसला, गाडी सुटली. मग मी टायरवर बसलो आणि चवळीचे वडे खाल्ले. मिरचीची चटणी होती, ती तिखट लागेना. वड्यावालीला म्हटलं, मिरची संपली काय तुझी. ती म्हणाली, "रोजचीच आहे. जीभ दाखव डॉक्टरला."

पहिला विचार बहिणीचा नव्हताच. विचार होता ईयाचा, म्हणजे आमच्या आईचा. ईयाला कळता कामा नये.

आमच्यात आईबाप जिवंत असताना पोर गेलं, तर मोठं कार्य करत नाहीत. गुपचूप पुरतात. आईबाप तिथे जात नाहीत, ती माती त्यांच्या डोळ्यांना दिसू देत नाहीत. आणि आई चौऱ्याऐंशीची असेल, साखरेचा आजार असेल, गेल्या वर्षी दोनदा दवाखान्यातून परत आणली असेल, तर तिला सांगतच नाहीत. निदान माती बसेपर्यंत तरी. ईया रस्त्याकडच्या खोलीत राहते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसते आणि जाणारायेणाराला पावलावरून ओळखते. ऐकून तिने अन्न सोडलं तर आठवडाही काढणार नाही, असं थोरले काका म्हणाले. ते घराण्याचे प्रमुख. त्यांनी मला समोर उभं केलं.

"हे तुझ्यावर सोपवतो, अदिगुन. पंचावन्न वर्षं तू या गावाला फसवत आलास. आता एका म्हातारीला फसव. जन्मात पहिल्यांदा तुझं तोंड उपयोगी पडेल."

मी म्हटलं, "होय काका." दुसरं काही सुचलं नाही. माझ्या बाबतीत हे नवीन होतं.

आता बहिणीचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण घोळ तिथेच झाला.

ती सांस्कृतिक मानवशास्त्रज्ञ होती. स्टँडवर कुणी विचारलं की मी सांगायचो, "आपल्याच माणसांकडे टक लावून बघते आणि त्याचा पगार घेते." तिने सदतीस वर्षं एकच गोष्ट पाहिली, आम्ही योरुबा माणसं एकमेकांना नमस्कार कसा करतो. आमच्यात 'कसे आहात' म्हणून भागत नाही. बसलेल्याला बसण्याचा नमस्कार. काम करणाऱ्याला कामाचा. बाजारातल्याला बाजाराचा, उन्हातून आलेल्याला उन्हाचा, केस विंचरून घेणारीला वेगळा, काल जेवू घातलं त्याला कालचा. ज्याच्या घरात माणूस गेलं, त्याला त्याचा. तिने चारशे बारा नमस्कार गोळा केले. कॅसेटवर, वहीत, नंतर कुठल्याशा छोट्या यंत्रात. अमेरिकेत जाऊन भाषणं केली. दोन जाड पुस्तकं लिहिली.

सुरुवात ईयाच्या पामतेलाच्या दुकानापासून झाली. इबिरोंके तेव्हा चोवीस वर्षांची, डबे रचले होते त्याच्यामागे वही घेऊन बसायची. गिऱ्हाईक आलं की ईया डोळा मारायची, घे, लिही. संध्याकाळी ईया म्हणायची, "शिकून शिकून मुलगी शेवटी माझ्याच दुकानात आली. एवढंच करायचं होतं तर फी कशाला भरली?" पुढे इबिरोंकेला मूलबाळ झालं नाही, नवरा टिकला नाही. ईया ते असं सांगायची, "माझी थोरली नातवंडं कपाटात आहेत. कॅसेटच्या डब्यात. रडत नाहीत, खायला मागत नाहीत."

मीही तिला नमस्कार पुरवले. एकदा सांगितलं, ज्याच्या शेळीने साबण खाल्ला त्याला करायचा खास नमस्कार असतो, उत्तरेकडच्या खेड्यांत अजून चालतो. शेळीच्या फेसासकट म्हणून दाखवला. तिने गंभीरपणे लिहून घेतला, तारीख टाकली. दोन वर्षांनी पुस्तक आलं. त्यात पानाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, 'हा नमस्कार अदिगुन नावाच्या माहितीदाराने सांगितला. माहितीदार विश्वासार्ह नाही.' मी ते पान फ्रेम करून स्टँडवर लावलं होतं.

तर मी कामाला लागलो.

डॉक्टर फादायरोंना सभागृह हवं होतं, भाषणं हवी होती, गावोगाव भिंतींवर चिकटवायला फोटोचे कागद हवे होते. मी त्यांना भेटायला गेलो.

"कागद इकिरूनला लागणार नाहीत," मी म्हटलं.

"देशभरातून लोक येताहेत, अदिगुनसाहेब. प्रोफेसर विद्यापीठाच्याही होत्याच ना."

"आधी ईयाच्या. ईया जिवंत आहे."

"पण त्यांना दिसत नाही म्हणता ना?"

"तिला दिसत नाही. बाकीच्या गावाला दिसतं, आणि त्यांना तोंडं आहेत. डॉक्टर, हे सगळं तुमच्याच प्रोफेसरांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. मी वाचलेलं नाही. तुम्ही वाचलंत ना?"

भाषणं दहा मिनिटांवर आली.

गावात मी घरोघर फिरलो. तेलवाल्या बायका, शिंपी, मशिदीतले म्हातारे, चर्चमधल्या बायका. सगळ्यांना एकच सांगितलं. आमच्या दारावरून जाताना रडका चेहरा नको, उसासा नको, आणि दुःखाचा नमस्कार तर तोंडातून बाहेर येता कामा नये. मला नको, बायकोला नको, कुणालाच नको. ईया दारात बसलेली असेल, तिला फक्त म्हणायचं, बसलेल्यांना नमस्कार. एवढं म्हणून पुढे चालायचं. थांबायचं नाही, चौकशी नाही. थांबलात की घसराल.

शिंपी म्हणाला, "तुला तरी काही म्हणू दे रे. तुझी सख्खी बहीण."

"मला काही म्हणालास तर तुझी मापाची टेप बकरीला खायला घालीन."

त्याने हात जोडले. माणसं शहाणी. सगळ्यांनी ऐकलं.

माझ्या बायकोला, म्हणजे आमच्या मुलीच्या, अबेनीच्या आईला, मात्र जड गेलं. आमच्यात सून घरात येते तेव्हा तिच्या आधी त्या घरात जन्मलेला प्रत्येक जण तिचा नवरा लागतो, मग तो पाळण्यातला असो की म्हातारी नणंद असो. म्हणून ती इबिरोंकेला नेहमी 'माझे मोठे नवरे' म्हणायची. प्रोफेसर आली की स्वयंपाकघरातून ओरडायची, "माझे मोठे नवरे आले, हा बारका आता बाहेर झोपेल." आता ती उकडलेल्या याम कंदाचा गोळा कुटताना मुसळ हातात धरून उभी राहायची, कुटायची विसरायची. आतून ईया विचारायची, "काय गं, याम पळून गेला का?"

गुरुवारी विद्यापीठाच्या गावीच दफन झालं. अबेनीच्या आईने आणि विद्यापीठातल्या दोघींनी तिला आंघोळ घातली, कपडे घातले. दफनाच्या वेळी मी होतो. खड्ड्याच्या कडेला लाल मुंग्यांची रांग होती, ती मी बघत होतो. मुंग्यांनी वाट बदलली, मी ती नवी वाट बघितली. कुणीतरी माझ्या हातात मातीचं ढेकूळ दिलं, मी टाकलं. परतीच्या गाडीत क्लीनरने चुकून माझ्याकडून भाडं मागितलं. मी म्हटलं, "मी मेलेल्यांच्या घरचा आहे, आम्हाला अर्धं तिकीट." तो हसायला लागला आणि मग मधेच थांबला. मला कळेना, का थांबला.

घरी आलो. ईया दारात. मी पालथा पडून नमस्कार केला, रोज करतो तसा.

"कुठे होतास?"

"इबादानला. गाडीचा पार्ट आणायला."

"मिळाला?"

"नाही."

"बरं. हात धू."

ईया दर रविवारी चर्च सुटल्यावर इबिरोंकेच्या फोनची वाट बघते. रविवार आला. मी स्टँडमागच्या टायरच्या दुकानात गेलो, पंप बंद करायला लावला आणि घरी फोन लावला. बहिणीचा आवाज मी सात वर्षांचा असल्यापासून काढतो. ती वाक्य सुरू करायच्या आधी बारीक खोकते, आणि शेवटचा शब्द खाली सोडते, पिशवी जमिनीवर ठेवावी तसा. त्याच आवाजात मी एकदा तिच्या हेडमास्तरला फोन करून तिची सुट्टी मंजूर करून घेतली होती. तिला नको असलेली सुट्टी.

अबेनीच्या आईने फोन ईयाच्या कानाला लावला.

मी खोकलो. "ईया, जेवलीस?"

"आंबील प्यायले. तू?"

"भात. साखर तपासली?"

"तपासली. ठीक आहे. मुलांचे पेपर झाले का तपासून?"

"अर्धे झाले."

"उरलेले दुसऱ्या कुणाला दे. किती करशील."

"देते."

"घसा बसलाय तुझा."

"पंखा लागला."

"मग बोलू नकोस. ठेव."

ठेवला. टायरवाला म्हणाला, "अंगावर काटा आला रे. हुबेहूब." मी दाद घेतली, वाकून, नाटकातल्यासारखी. मग तिथेच बसलो. टायरवाल्याने पंप परत सुरू केला तरी उठलो नाही.

सोमवारी डॉक्टर फादायरोंनी ऑफिस रिकामं करायला बोलावलं. कॅसेटची खोकी विद्यापीठ ठेवून घेणार होतं, चालू वह्या मला दिल्या. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी सगळ्यात वरची वही उघडली. यंदाचीच होती. तिचं नवं काम चालू होतं. वर लिहिलं होतं, ज्या आईबापांपासून पोराचं मरण लपवलं, त्यांच्याशी बोलणं. एकोणीस आया, चार बाप. इराग्बिजी, इला, इरे, आमच्या आसपासचीच गावं. प्रत्येकाला एकच प्रश्न, तुम्हाला कधी कळलं?

एकीने सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी. दुसरीने, पहिल्याच दिवशी. एका बापाने, दुपारपर्यंत. कसं कळलं याची उत्तरं निरनिराळी होती, भांड्यांचा आवाज कमी झाला, धाकटी सून भांडेनाशी झाली. इराग्बिजीच्या एका म्हातारीचं उत्तर बहिणीने लाल पेनने अधोरेखित केलं होतं. 'तीन दिवस गावातला प्रत्येक माणूस मला तोच एक नमस्कार करून गेला. मी मिरच्या वाळवत होते, कुणी कामाचा केला नाही. पोरीने वेणी घातली, कुणी वेणीचा केला नाही. सगळे एका साच्यातले. मी ओळखलं, कुणीतरी शिकवून पाठवलंय.'

त्याच्याखाली बहिणीच्या बारीक अक्षरात प्रश्न होता. मग तुम्ही विचारलं का नाही? आणि म्हातारीचं उत्तर, 'बिचारे इतकी मेहनत घेत होते.'

मी वही बंद केली. चारशे बारा नमस्कार असलेल्या गावाला मी एकच ठेवायला सांगितला होता. सख्ख्या बहिणीने जन्मभर जे शिकवलं, तेच नेमकं चुकलो. कुणी परक्याने असं केलं असतं तर मी महिनाभर स्टँडवर त्याची नक्कल केली असती.

पण अजून वेळ गेली नसेल असं वाटलं. ईयाने काही विचारलं नव्हतं. मी उतरलो आणि थेट बाजारात गेलो. तेलवाल्यांना सांगितलं, शिंप्याला सांगितलं, सगळ्यांना. उद्यापासून एकच नमस्कार बंद. मोकळेपणाने करा, पहिल्यासारखे.

"पण कुठला करायचा?" तेलवाल्या बाईने विचारलं.

"जो लागू पडेल तो."

"लागू पडणारा तर तू बंद केलायस."

"तो सोडून."

मंगळवारी सकाळी मी ईयाशेजारी स्टूल टाकून बसलो, कसं चाललंय ते बघायला. आभाळ भरलेलं होतं. पहिली तेलवाली आली आणि उन्हाचा नमस्कार करून गेली. मागोमाग शिंपी आला. ईया नुसती बसली होती, त्याने कामाचा केला. मशिदीतले म्हातारे आले, त्यांनी प्रवासाहून परत आल्याचा केला. ईया शेवटची प्रवासाला गेली त्याला अकरा वर्षं झाली. चर्चमधल्या एका बाईने घाबरून नव्या बाळाचाच केला आणि डोक्याच्या कापडाचं टोक तोंडाला लावून पळाली.

ईयाने प्रत्येकाला रीतसर उत्तर दिलं. बाळाच्या नमस्कारालाही. रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाली, "आज गाव बरं झालं वाटतं. पाच-सहा दिवस सगळ्यांना एकच रोग होता."

मी स्टूल जरा मागे सरकवलं.

"तू सांगितलंस त्यांना?"

"काय?"

"अदिगुन."

"हो," मी म्हटलं.

"पहिल्या वेळेला की आज?"

"दोन्ही."

"हं." तिने काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. "रविवारचं चांगलं केलंस. खोकला जरा जास्त झाला. ती दरवेळी खोकत नाही."

"कधी कळलं तुला?"

"बुधवारी. शिंपी रोज थांबतो, माझ्या पायांची चौकशी करतो. बुधवारी बसलेल्यांना नमस्कार म्हणून पळाला. मला वाटलं, तू गेलास. स्टँडवर गाडीखाली वगैरे. मग संध्याकाळी तुझी पावलं आली. तू आलास म्हटल्यावर ती असणार. मला दोनच आहेत."

अन्न सोडेल, काका म्हणाले होते. मी तिच्याकडे बघत होतो. ती बुधवारपासून जेवत होती. तिन्ही वेळ. मी ताटं मोजली नव्हती, पण अबेनीची आई रोज सांगायची, ईया खातात, सगळं खातात.

"जेवत होतीस तू," मी म्हटलं.

"मग काय करू. मी ताट सरकवलं असतं तर तुला वाटलं असतं तुझं जमलं नाही." मग तिने विचारलं, "तुला म्हटलं का कुणी?"

"काय?"

"काय म्हणतात ते. बहीण गेली की."

"नाही. मीच बंदी घातली होती."

ईया माझ्याकडे वळली. तिला माझा चेहरा दिसत नाही, ती कानाच्या बाजूला बघते. तिने तो नमस्कार केला. पूर्ण केला, बाजारात परक्या माणसाला करतात तसा, घरावर आलेलं हे शेवटचंच असो, मागे राहिलेले सुखरूप राहोत, तिथपर्यंत. त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मी ते दिलं. गळ्यातून आला तो माझाच आवाज होता की कुणाचा, सांगता येणार नाही. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. छातीत नुसतं लाकूड ठेवल्यासारखं होतं, ते तसंच राहिलं.

"मला तिथे नेऊ नका," ईया म्हणाली. "ते दाखवायचं नसतं. पण सांगता येतं. कुठलं कापड होतं अंगावर?"

मी तोंड उघडलं. मी या गावाला शेळीच्या साबणापर्यंत सगळं विकलंय. एक कापड सांगायला मला काय लागतं. पण मुंग्या दिसत होत्या, ढेकूळ दिसत होतं, तिच्यावरचं कापड काही केल्या दिसेना. नसलेलं एखादं रचावं, तर तेही रचता येईना.

"आठवत नाही," मी म्हटलं.

ईयाने घाई केली नाही. मी आत हाक मारली. अबेनीची आई बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, ईयाकडे बघितलं, आणि गुडघे टेकून तिच्यापाशी बसली. तिला काही सांगावं लागलं नाही.

"कापड कुठलं होतं गं?" ईयाने विचारलं.

"जांभळं, ईया. पांढऱ्या ठिपक्यांचं. डोक्यालाही तेच बांधलं. गाठ मी बांधली."

"घट्ट?"

"नाही. तिला आवडायची तशी, सैल."

रस्त्याने एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज संपेपर्यंत ईया ऐकत होती.

"जांभळं तिला शोभायचं नाही," ती म्हणाली. "लहानपणापासून सांगत होते."

"माझ्या मोठ्या नवऱ्यांनी कधी ऐकलंय कुणाचं," अबेनीची आई म्हणाली, आणि तिचं बोलणं तिथेच तुटलं. ईयाने हात पुढे केला, तिचं डोकं सापडेपर्यंत हवेत चाचपला, आणि मग तिथेच ठेवला.

मी उठलो. ओशोग्बोची पहिली गाडी भरायची होती.